चीनमध्ये बाप्यांना खोली देत नाहीत

आमच्या भागातून चीनला जातात ते एमबीबीएस करायला. मी चिनी भाषा आणि संस्कृतीत एम.ए. करायला गेले, हे नांदेडच्या नातेवाइकांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. "म्हणजे एमबीबीएसच ना?" असं माझ्या मावशीने पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी कंटाळून मी हो म्हणाले. तेव्हापासून तिच्या गुडघ्याच्या एक्स-रेचे फोटो मला व्हॉट्सॲपवर येतात आणि मी "थोडं चालत जा" असं उत्तर देते. माझ्या औषधाने तिला फरक पडला आहे म्हणे.

डॉक्टर होण्याची संधी मला मिळाली नव्हती असं नाही. मी किनवटची. पप्पा तिथे आश्रमशाळेवर मास्तर होते. दहावीला मला बरे मार्क पडले, हा माझा गुन्हा. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडलेल्या पोराला कुणी विचारत नाही की तुला काय व्हायचंय. त्याला सरळ लातूरला नेऊन ठेवतात. नांदेडलाही क्लासेस आहेत, चांगले आहेत, पण लातूरला जाऊन नापास होण्यात जी इज्जत आहे ती नांदेडात राहून पास होण्यात नाही. शिवाय पोर एकटं जात नाही. आई सोबत जाते. एक खोली भाड्याने घ्यायची, एक गॅस, एक कॉट, पोराचं टेबल, आणि अकरावी-बारावी संपेपर्यंत आईने तिथे राहून दोन वेळचं रांधायचं. नवरा, घर, सासू-सासरे सगळं मागे. आमच्या आईने हे माझ्यासाठी केलं. निकाल लागला तेव्हा डॉक्टर होण्याच्या आसपासही मी नव्हते. क्लासवाल्यांनी चौकातल्या होर्डिंगवर माझा फोटो लावला नाही, एवढा एकच उपकार लातूरने माझ्यावर केला.

पुढे पुण्याला जाऊन चिनी भाषा शिकले, कारण त्या वर्गाला प्रवेश परीक्षा नव्हती. त्या भाषेने मला शिष्यवृत्ती दिली आणि विमानात बसवलं. आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहायचा होता. अट एकच, विषय चिनी संस्कृतीवरचा हवा.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी लाओशी म्हणते; चिनीत शिक्षकांना तसंच म्हणतात. लाओशींनी माझ्यासाठी विषय आधीच काढून ठेवला होता. मी भारतातली, त्यात घरची बौद्ध, हे कळल्या दिवसापासून त्या माझ्याकडे फार प्रेमाने बघायच्या. "तुझ्या देशातून आमच्या देशात धम्म कसा आला, हे तू नाही लिहायचं तर कुणी?" त्यांना हव्या होत्या गुहा, पोथ्या आणि उंटांवरून आलेले भिक्खू. माझ्याकडे काय होतं? छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतलेले आजोबा, किनवटचं पत्र्याचं समाजमंदिर, पांढऱ्या साड्या, वंदना झाली की पोरांना शाळेत पाठवा म्हणून तासभर भाषण आणि मग खीर. हे सांगितलं की लाओशी हसून म्हणायच्या, "ते आत्ताचं झालं. तू जुनं सांग." एकदा त्या मला हौसेने एका मंदिरात घेऊन गेल्या. परीक्षेच्या तोंडावर कॉलेजची पोरं बुद्धापुढे मुठी मुठी उदबत्त्या लावून पास कर म्हणत होती. आजोबांनी नवस-सायास, अंगारे-धुपारे सगळं एका दिवसात सोडलं आणि त्यांची नात इतक्या दूर येऊन बघते, तर साक्षात बुद्धालाच नवस. "तुझीच परंपरा," लाओशी माझ्या कानात म्हणाल्या. मी नम्रपणे हात जोडले. परक्या देशात आपलीच परंपरा दुसऱ्याकडून समजून घेताना माणसाने नम्रच असावं.

माझा विषय मला त्याच मंदिरामागच्या गल्लीत सापडला. तिथे एक मोठी शाळा होती आणि दुपारी तिच्या गेटवर बायका डबे घेऊन उभ्या होत्या. चौकशी केली तर कळलं, या खेड्यापाड्यांतून आलेल्या आया. कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेसाठी पोराला शहरातल्या शाळेत घातलं की आईने शाळेजवळ खोली घेऊन राहायचं. त्यांना शब्दही आहे, फेइतू मामा, म्हणजे अभ्यासाला सोबत करणारी आई. एकीने मला तिच्या खोलीवर नेलं. एक गॅस, एक कॉट, पोराचं टेबल, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक. मला एकदम लातूरला आल्यासारखं झालं. मी विचारलं, कसं वाटतं इथं? ती बारीक, थकलेल्या आवाजात सांगायला लागली. पाण्याचे हाल, घरमालकिणीची कटकट, गावाकडची आठवण, झोप नाही. ऐकता ऐकता मीच रडले. तिने मला कागदी रुमाल दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

खोलीवर आले आणि विषयाचं नाव लिहिलं: 'शिक्षणासाठी मातांचा त्याग'. लाओशींनी कागद दोनदा वाचला आणि तोंड एवढंसं केलं. शेवटी म्हणाल्या, "नववर्षाच्या, वसंतोत्सवाच्या सुट्टीत घरी चालली आहेस ना? तुझ्या आईने हेच केलं म्हणतेस, तर तिची मुलाखत घेऊन ये. तुलना करता आली तर विषय तुझा. नाहीतर परत आल्यावर आपला धम्म आहेच." आपला म्हणजे त्यांचा.

म्हणून जानेवारीत मी नांदेडला आले ते विषय वाचवायला. पप्पा रिटायर झाल्यापासून आईपप्पा नांदेडलाच दादा-वहिनीकडे असतात. वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स, दादाची नोकरी फिरतीची, आणि पुतणी दहावीला. पुतणी हुशार. म्हणजे तिचंही लातूर ठरल्यातच जमा होतं.

पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि आईला म्हणाले, "आई, लातूरचं सांग."

आईने पदर सावरला, पप्पांकडे एकदा बघितलं आणि सुरू झाली. "काय सांगू माय. लई हाल. टँकर आला की हंडे घेऊन पळायचं. वरून पत्रा, उन्हाळ्यात नुसती भट्टी. डास तर असे की बोलायची सोय न्हाई. घरमालकीण दिवा जाळला तरी बोलायची. ना बोलायला माणूस, ना बसायला जागा. दिवसभर भिंतीकडं बघत बसायचं, पोरगी कवा येती म्हणून." कुठेही अडखळली नाही. इतका नेटका कच्चा माल संशोधकाला नशिबाने मिळतो. पप्पांनी मात्र अर्ध्यातच कप खाली ठेवला आणि अंगणात निघून गेले.

मग त्यांनी बाहेरूनच सांगून टाकलं, "पोरीला हॉस्टेलला टाकू. हिला आता लातूर नको."

तेव्हा कळलं की घरात हाच वाद चालू होता. वहिनीला नोकरी सोडता येत नव्हती, लातूरच्या चांगल्या खोल्या आतापासूनच बोलून ठेवाव्या लागतात, आणि पुतणीसोबत आजीने जावं असं आईनेच कधीतरी म्हटलं होतं. पप्पा ऐकायला तयार नव्हते. मी अर्थातच पप्पांच्या बाजूने उतरले. परदेशात शिकणाऱ्या मुलीने घरात उतरावं तशी उतरले. बाईचे कष्ट कुणी मोजत नाही, पिढ्यानपिढ्या बाईनेच का करायचं, आईला साठीच्या आसपास पुन्हा त्या पत्र्याखाली लोटणं हा अन्याय आहे, असं मी कणीक मळणाऱ्या आईपुढे उभं राहून बराच वेळ बोलले. आईने कणीक इतकी मळली की त्या दिवशीच्या पोळ्या कापडासारख्या झाल्या.

सकाळी ती म्हणाली, "चल, तुला लातूरची खोली दाखवून आणते. अभ्यासाला लागंल तुला."

"कामून दगदग करायली?" पप्पा म्हणाले.

"पोरीच्या शिक्षणासाठी," आई म्हणाली. या वाक्यापुढे आमच्या घरात आजवर कुणाचं काही चाललेलं नाही.

नांदेड-लातूर एसटीत आई खिडकीशी बसली. मी वही काढून प्रश्न लिहीत होते: एकटेपणा, आरोग्य, पश्चात्ताप. अहमदपूर गेलं, चाकूर आलं, तसतशी आई ताठ बसायला लागली. चाकूरच्या स्टँडवर तिने पर्समधून छोटा आरसा काढून केस नीट केले. माझ्या यादीत हे कुठे बसवावं ते मला कळलं नाही, म्हणून मी ते लिहिलं नाही. संशोधनात असंच करतात.

लातूर होतं तसंच होतं, फक्त होर्डिंगवरचे चेहरे नवे आणि आकडे मोठे. क्लासच्या गल्लीत आमची ती तीन मजली इमारत अजून उभी होती, मागच्या अंगाला आमच्या खोलीवरचा पत्राही तसाच. खाली पाणीपुरीवाला. आम्ही जिना चढायला लागलो तर वरून घरमालकीण डोकावली. हीच ती, दिवा जाळला तरी बोलणारी.

"अगं माझी माय! स्कूटीवाली आली!" ती ओरडली आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली.

मी मागे बघितलं. जिन्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढचा अर्धा तास माझ्या प्रबंधाचा एकेक चिरा निखळत गेला. घरमालकिणीने चहा केला, चिवडा काढला आणि दोघी मिळून इतक्या हसल्या की मला वही मिटावी लागली. आई स्कूटी चालवायला शिकली होती. इथे, मागच्या मोकळ्या प्लॉटवर. शिकवलं धर्माबादच्या एका बाईने, जिचा नवरा मिरचीचा व्यापारी होता आणि जी पोरासाठी इथे वरच्या मजल्यावर राहायची. पोरं क्लासला गेली की सकाळपासून दुपारपर्यंत बायका मोकळ्या. कधी मॅटिनी, कधी पाणीपुरी, कधी नुसतं गच्चीवर सतरंजी टाकून लोळायचं. आईने पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता आणि बारावीची परीक्षा संपली त्या दिवशी तो घरमालकिणीच्या मुलीला देऊन टाकला होता. मी तेव्हा क्लासमध्ये, नाहीतर खाली टेबलाशी बसून दीडफूट जाडीची पुस्तकं वाचत होते आणि माझ्यासाठी आई कशी झिजते आहे या विचाराने मला रात्रीचा भात जायचा नाही.

"आणि टँकर? डास? पत्रा?" मी विचारलं.

"ते व्हतंच की," आई म्हणाली. "टँकर किनवटला बी येतो. डास बी. तिथं कोण विचारतंय?"

मग ती मला गच्चीवर घेऊन गेली आणि तिने मला तिथला नियम सांगितला. नियम असा, की संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला की काहीही झालं तरी इथं बरं आहे असं म्हणायचं नाही. हा नियम काही उगाच झाला नव्हता. सुरुवातीला चाकूरकडची एक भोळी बाई नवऱ्याला म्हणाली होती, इथं छान आहे, हवा मोकळी आहे, बायका चांगल्या आहेत. आठवडा गेला नाही तोच नवऱ्याने मोकळ्या हवेला म्हणून सासूला आणून सोडलं. मागून दवाखान्याच्या कामाला चुलत सासरे आले. मग शनिवारी नवरा, सोबत दोन मित्र. त्या बाईने उरलेला काळ सात-आठ माणसांचं रांधून काढला. तेव्हापासून धर्माबादच्या बाईने सगळ्यांना तयार केलं. फोन येण्याआधी गच्चीवर तालीम चालायची. एकीने नवरा व्हायचं, दुसरीने हाल सांगायचे. आवाज बारीक काढायचा. मध्येच थांबायचं. 'जाऊ द्या, तुम्ही नका काळजी करू' हे शेवटी म्हणायचंच.

आईने मला म्हणून दाखवलं. बारीक, थकलेला आवाज. माझ्या अंगावर काटा आला, कारण हाच आवाज मी चीनमधल्या त्या खोलीत ऐकला होता आणि त्याच्यावर प्रबंध बेतला होता. त्या बाईने मला रुमाल का दिला असेल, हे मला लातूरच्या गच्चीवर कळलं. बिचारीला माझी दया आली असणार.

"मग हेच लिहिते मी!" मी म्हणाले. खरंच सांगते, मला आनंद झाला होता. विषय नुसता वाचला नव्हता, सोन्याचा झाला होता. बायका हाल सांगतात आणि सुखात असतात, इथेही आणि तिथेही. लाओशी काय, सगळा विभाग उठून उभा राहील.

आईचा चेहरा उतरला. तिने माझा हात धरला. "हे लिहू नको. हे कळलं न, तर एका बाईला कोणी लातूरला धाडायचं न्हाई. सगळे म्हणतील, हॉस्टेलला टाका." आणि मग कठड्याकडे बघत म्हणाली, "मला जायाचंय. एवढी दोन वर्षं मला पायजेत. तुझ्या पप्पाला तू समजाव. तू शिकलेली हायस, तुझं ऐकतेत."

आयुष्यात आईने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला, कारण कालच मी तिच्या बाजूने एवढं भाषण करून तिचंच तिकीट कापलं होतं.

नांदेडला परतलो त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. पप्पांनीच विषय काढला. "तू बघून आलीस ना खोली? तू यावर अभ्यास करून राहिलीस. तूच सांग. पाठवावं का हिला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई ताटातल्या भाकरीकडे बघत होती. मी घसा साफ केला आणि आदल्या दिवशीच्या माझ्याच भाषणाच्या अगदी उलट बोलायला लागले. हाल तर आहेतच, म्हणाले. भयंकर आहेत. पण आई सोबत असली की पोरीचं मन स्थिर राहतं, हे चीनमध्ये सिद्ध झालं आहे. त्याग हा संस्कृतीचा पाया असतो. आईपणाला पर्याय नाही. जे जे वाचून माझं डोकं फिरायचं ते सगळं मी त्या ताटावर वाढलं. वहिनी, जी रोज दवाखान्यात नाइट ड्युट्या करते, माझ्याकडे मी बाटले आहे अशा नजरेने बघत होती.

आईने सुस्कारा सोडला. इतका सुंदर सुस्कारा मी ऐकलेला नाही. "जाते बाई. काय करता. लेकराचं हाय."

पप्पांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "ठीक हाय. पण या टायमाला एकटी न्हाई. तेव्हा नोकरी होती, आता मी रिकामाच हाय. मी बी येतो सोबत. पाणी भरीन, भाजी आणीन."

आईच्या घशात घास अडकला. पुतणीने तिला पाणी दिलं. आईने तांब्याच्या आडून माझ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात स्कूटी, मॅटिनी, सतरंजी सगळं बुडताना मला दिसलं.

"तिथं बाप्यांना ठेवत न्हाईत," आई म्हणाली. "सगळ्या बायाच ऱ्हातेत. घरमालकीण खोली देत न्हाई."

"विचारून बघू की. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कोण न्हाई म्हणतंय?"

"नाही पप्पा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका तो विद्वान होता. "चीनमध्येही बाप्यांना खोली देत नाहीत. जगभर तसंच आहे. त्याने पोरांच्या अभ्यासावर परिणाम होतो."

"चीनमध्ये बी?"

"चीनमध्ये तर मुळीच नाही."

पप्पांनी मान डोलावली आणि हात धुवायला उठले. चिनी संस्कृतीवरचं माझं पहिलं मौलिक संशोधन हे असं जगापुढे आलं, आणि त्याला कुणी संदर्भ मागितला नाही.

सकाळी पप्पा मला म्हणाले, चल, फिरून येऊ. ते रोज वसाहतीच्या मैदानाला फेऱ्या मारतात. मीही कधी नव्हे ते गेले. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी न बघताच विचारलं, "खरंच न्हाई का देत चीनमध्ये बाप्यांना खोली?"

खोटं एकदा बोलायला माणूस शिकतो. तेच सकाळच्या उजेडात बापाच्या शेजारी चालताना पुन्हा बोलायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

"मी आलो व्हतो लातूरला एकदा," पप्पा म्हणाले. "तू बारावीला असताना. न सांगता. ज्वारीचं पीठ घेतलं, तूप घेतलं, म्हणलं हिचे एवढे हाल हायत, जाऊन यावं. किनवटहून निघालो तो दुपारी पोचलो. जिन्याखाली उभा व्हतो, तर वर गच्चीवर बाया हसून राहिल्या. तुझी आई माझी नक्कल करून राहिली व्हती. 'पाणी आलं का? बरं. पोरगी जेवली का? बरं.' अगदी माझ्यासारखं. मी कुठं कधी हसतो, पण मला बी हसू आलं."

"मग वर का नाही आलात?"

"वर गेलो असतो तर हसणं थांबलं असतं." ते थोडं चालले. "आधी राग आला. लई आला. पिशवी पाणीपुरीवाल्याकडं ठेवली, म्हणलं वरच्या मास्तरीणबाईला दे, ओळखीच्या ड्रायव्हरनं आणली म्हणून सांग. बसमध्ये बसलो. किनवट येईस्तोवर गेला राग. घरी येऊन फोन केला. इचारलं, पाणी आलं का? ती म्हणली, कुठलं पाणी, लई हाल हायत."

मला पप्पांच्या आश्रमशाळेची मेस आठवली, जिथे त्या काळात ते पोरांच्या पंगतीत बसून जेवत असत. 'इकडं सगळं मजेत' हे त्यांचं फोनवरचं वाक्य आठवलं. ते मी कधी तपासून बघितलं नव्हतं. माझ्या प्रश्नांच्या यादीत बाप हा प्रकारच नव्हता. मला रडू आलं आणि या वेळी रुमाल द्यायला कुणी नव्हतं.

"मग आता कशाला येतो म्हणालात सोबत? तुम्हाला तर सगळं माहीत होतं."

पप्पा लाजले. या वयात माणूस लाजताना बघणं फार अवघड असतं. "पुन्हा मागं ऱ्हायाचं जिवावर आलं, म्हणून आधी हॉस्टेल म्हणलं. मग वाटलं, या टायमाला मला बी घेतील गच्चीवर," ते म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ काही झालं. आई पुतणीला घेऊन लातूरला गेली. मी लाओशींना विषय बदलून कळवला: 'अभ्यासाला सोबत करणाऱ्या मातेचा आणि गावी राहिलेल्या पित्याचा संध्याकाळचा फोन'. विषय फारच लहान आहे, असा शेरा मारून त्यांनी तो मान्य केला आणि धम्माला दुसरी विद्यार्थिनी शोधली. प्रबंध चिनीत आहे, त्यामुळे नांदेडात त्याचा कुणाला उपद्रव नाही. आता पुतणीची बारावी उरकली, आई परत आली, म्हणून हे मराठीत लिहिण्याचा धोका पत्करला आहे. तसा धोका फारसा नाही. आईने माझ्यासाठी बरंच केलं असेल, पण माझं लिहिलेलं वाचण्यापर्यंत तिचा त्याग कधी गेलेला नाही.

पण त्या सकाळी मैदानावर मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की आत्ता घरी जावं आणि आईला हाताला धरून सांगावं, यांना सगळं माहीत आहे, तू मोकळी हो, यांनाही मोकळं कर. तसं मी पप्पांना म्हणाले.

पप्पा एकदम थांबले. "न्हाई, न्हाई. तिला सांगू नको," ते म्हणाले. "लग्नापासून आम्ही तेवढंच बोललोत, त्या दोन वर्षांत, फोनवर. रोज. ती हाल सांगायची, मी ऐकायचो. तिला कळलं की मला माहीत हाय, तर आता ती लातूरला गेल्यावर आम्ही बोलायचं काय?"